लांबचा डोंगर परत परत सॉफ्ट येतोय? जुनी लेन्स विकायच्या आधी हे तपासा

जळगाव जिल्ह्यात सावद्याहून फैजपूरकडे निघालं की उजव्या हाताला केळीच्या बागा आणि त्यांच्या मागे सातपुड्याची आख्खी रांग दिसते. त्या रस्त्याला लागून एक मोकळा बांध आहे, तिथे ट्रायपॉड लावून मी तोच एक फोटो किती वेळा काढलाय त्याची मोजदाद नाही. पुढचं केळीचं पान, वाऱ्याने फाटून झालेल्या त्याच्या चिंध्या, त्यातली एकेक शीर, सगळं लख्ख. आणि मागचा डोंगर कोणी ओल्या फडक्याने पुसल्यासारखा. झाडं सुटी दिसत नाहीत, कड्याची रेघ फुगलेली. पुढच्या आठवड्यात तीच लेन्स, तीच जागा, तेच एफ/८ आणि डोंगर एकदम कडक. तिसऱ्या वेळेला परत सॉफ्ट, तेही फक्त डाव्या बाजूला.

जुन्या, हाताने फोकस करायच्या मॅन्युअल लेन्स मिररलेस म्हणजे आतला आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावून लँडस्केप काढणाऱ्या बऱ्याच जणांना हा त्रास होतो आणि माझ्या ओळखीतल्या दोघांनी तर ह्याच कारणाने चांगल्या लेन्स कवडीमोल भावात विकून टाकल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझ्या अनुभवातून सांगायचं तर ह्या एका दुखण्याची चार-पाच वेगळी कारणं आहेत आणि फोटोत सगळी जवळपास सारखीच दिसतात, त्यामुळे आपण एक कारण काढून टाकतो, दोन दिवस बरं वाटतं, मग दुसरं डोकं वर काढतं आणि आपल्याला वाटतं तेच परत आलं. लेन्सचा नंबर ह्यात सगळ्यात शेवटी लागतो.

माझ्याकडचं सामान सांगतो म्हणजे पुढचे आकडे कळतील. कॅमेरा सोनीचा फुल फ्रेम मिररलेस, २४ मेगापिक्सेल. लेन्स तीन, तिन्ही एम४२ म्हणजे आट्याच्या: हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२), ज्युपिटर-३७ए (१३५ मिमी, एफ/३.५) आणि एक व्हिविटार २८ मिमी एफ/२.८. हेलिओस एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून झेनिट कॅमेऱ्यासकट मिळाली. तिघींना मिळून अडॅप्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा जोडणारं मधलं कडं, एकच, ऑनलाइन मागवलेला, स्वस्तातला.

आधी पाच मिनिटांत होणारी तपासणी, कारण निम्म्या वेळा गडबड इथेच निघते.

अॅपर्चर (लेन्समधलं पात्यांचं भोक, एफ/२, एफ/८ हे आकडे त्याचेच, आकडा मोठा तितकं भोक बारीक) खरंच बंद झालंय का हे लेन्सच्या पुढून डोळ्याने बघा. हेलिओस ४४-२ ही प्रीसेट लेन्स आहे, तिला अॅपर्चरच्या दोन रिंगा आहेत. एक आकड्यांची, टकटक करत फिरते, ती फक्त ठरवते की पाती कुठपर्यंत मिटू शकतील. दुसरी विनाक्लिक, गुळगुळीत फिरते, तीच खरी पाती मिटवते. नवीन माणूस पहिली रिंग ८ वर नेतो, दुसरी उघडीच राहते आणि फोटो एफ/२ ला निघतो. पहाटे हात गारठलेले असताना जुन्या माणसाचंही हेच होतं. ऑटो अॅपर्चरवाल्या एम४२ लेन्सचं वेगळं, त्यांच्या मागे एक बारीक पिन असते, ती दाबली गेली तरच पाती मिटतात, आणि ती दाबायला अडॅप्टरच्या आत एक ओठ असावा लागतो. काही अडॅप्टरला तो नसतो. लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचं बटण असेल तर मॅन्युअलवर टाका, काम झालं. बटण नसेल तर ओठवालाच अडॅप्टर घ्या, पिन चिकटवून टाकायचे उद्योग करू नका, नंतर ती लेन्स फिल्म कॅमेऱ्यावर धड चालत नाही.

दुसरं, कॅमेऱ्यातलं स्टेबिलायझेशन. ज्या बॉडीत सेन्सर हलवून स्थिर करायची सोय आहे तिला जुन्या लेन्सची फोकल लेंथ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) कळत नाही, आपण मेन्यूत भरावी लागते. १३५ काढून २८ लावली आणि आकडा १३५ च राहिला तर कॅमेरा गरजेपेक्षा खूप जास्त भरपाई करतो आणि हातात धरून काढलेला प्रत्येक फोटो किंचित हललेला येतो. ट्रायपॉडवर तर ते बंदच ठेवा.

तिसरं फोकस पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवायची कॅमेऱ्यातली सोय. पीकिंगचे लाल ठिपके आख्ख्या डोंगरभर नाचतात म्हणून डोंगर फोकसमध्ये आहे असं समजू नका, ते फक्त कॉन्ट्रास्ट दाखवतं आणि सकाळच्या कडक उजेडात डोंगराची कड आभाळासमोर आपोआपच उठून दिसते. मॅग्निफाय करून कड्यावरचं एखादं एकटं झाड पकडा आणि ज्या अॅपर्चरला फोटो काढणार त्याच्या आसपासच फोकस करा. जुन्या फास्ट लेन्स एफ/२ ला फोकस करून एफ/५.६ ला नेल्या की फोकसची जागा जरा सरकते, ही त्यांच्या डिझाइनची गोष्ट आहे, बिघाड नाही.

आता हवा. खानदेशात राहून हे कारण विसरता येणार नाही. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, काळी कपाशीची जमीन नांगरून उघडी पडलेली असते आणि सकाळी नऊच्या सुमारासच जमिनीवरून झळा उठायला लागतात. त्या झळांमधून दहा-पंधरा किलोमीटरवरचा डोंगर बघायचा म्हणजे उकळत्या पाण्यातून बघण्यासारखं आहे, जगातली कुठलीही लेन्स तिथे कडक फोटो देणार नाही. पण हे लेन्सच्या दोषापासून वेगळं ओळखता येतं आणि फार सोपं आहे. ट्रायपॉड लावा, फोकस एकदा करून रिंगला हात लावू नका, टायमरवर किंवा रिमोटने लागोपाठ दहा फोटो काढा. घरी येऊन एकच झाड दहाही फोटोंत शंभर टक्क्यांवर बघा. एका फोटोत झाड ठीक, दुसऱ्यात पसरलेलं, तिसऱ्यात अर्ध्यावर मोडल्यासारखं, असं दिसलं तर ती हवा आहे. दहाही फोटोंत सारखंच सॉफ्ट असेल तर सामानात दोष आहे. १३५ वर हे सगळ्यात लवकर दिसतं, आणि मॅग्निफाय केलेल्या स्क्रीनवर तर डोंगर पोहताना नुसत्या डोळ्याला कळतो.

झळांवर इलाज म्हणजे वेळ आणि जागा. सूर्य उगवायच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा एक तास. आणि उंचावर चढा, कारण हवा सगळ्यात जास्त उकळते ती जमिनीला लागून. सपाटीवरून नांगरलेल्या रानावरून डोंगर बघण्यापेक्षा धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्यावर चढून खाली बघितलेलं कितीतरी स्वच्छ येतं, नजरेचा रस्ता तापलेल्या थरातून कमी जातो. केळीच्या बागांवरून दिसणारा डोंगर उघड्या रानावरून दिसणाऱ्या डोंगरापेक्षा मला नेहमीच बरा मिळालाय, बाग ओली आणि सावलीची असते म्हणून असेल. दिवाळीच्या आसपास, पावसाने हवा धुऊन निघालेली असताना, सातपुड्याच्या घड्या एकामागे एक मोजता येतात, टेस्ट करायची तर तेव्हाच करा. मे महिन्याच्या दुपारी लेन्सची परीक्षा घेऊन तिला नापास करणं हा तिच्यावर अन्याय आहे.

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि तरी डोंगर सॉफ्ट असेल तर अडॅप्टर काढून हातात घ्या.

लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटला, म्हणजे लेन्स बसवायच्या प्रत्येक पद्धतीला, ठरलेलं असतं. एम४२ चं ४५.४६ मिमी. सोनी ई चं १८ मिमी. म्हणजे मधल्या अडॅप्टरची जाडी २७.४६ मिमी असायला पाहिजे, कमी नाही जास्त नाही. मिनोल्टा एमडी ४३.५ म्हणून तिचा अडॅप्टर २५.५ चा, कॅनन एफडी ४२ म्हणून २४ चा, निकॉन एफ ४६.५ म्हणून २८.५ चा. ज्यांच्याकडे निकॉनचा जुना डीएसएलआर आहे त्यांचा प्रश्न इथेच संपतो: कॅमेऱ्याचं स्वतःचं अंतर ४६.५ आणि लेन्सला हवंय ४५.४६, म्हणजे अडॅप्टर शून्य जाडीचा केला तरी लेन्स एक मिलिमीटर लांबच राहणार. हेलिओस त्यावर फार तर सव्वातीन मीटरपर्यंत फोकस होईल, डोंगर कधीच मिळणार नाही. मध्ये काच असलेले अडॅप्टर मिळतात पण ती काच लेन्सची मजाच घालवते. कॅननचा ईएफ ४४ चा आहे, तिथे एम४२ आरामात बसते.

आता ती चूक किती महागात पडते ते बघा, कारण माझे डोळे ह्या हिशोबानेच उघडले. अडॅप्टर जितका जास्त जाड असेल त्याने फोकल लेंथच्या वर्गाला भागा, इन्फिनिटीच्या (म्हणजे अगदी लांबच्या अंतराच्या) खुणेवर रिंग टेकवली तरी लेन्स खरी कुठे फोकस होते ते अंतर मिळतं. धरा की अडॅप्टर ०.१ मिमीने जाड आहे, म्हणजे साध्या कागदाएवढा. १३५ मिमीची लेन्स १८२ मीटरवर फोकस होईल. ५८ ची साडेतेहतीस मीटरवर. आणि २८ मिमीची फक्त आठ मीटरवर! म्हणून तर वाइड लेन्सवाला रडतो आणि टेलीवाला म्हणतो की मला काही प्रॉब्लेम नाही, दोघांचा अडॅप्टर मात्र एकच. आपल्याला वाटतं की वाइड लेन्सला डेप्थ ऑफ फिल्ड, म्हणजे पुढे-मागे शार्प दिसणारा पट्टा, भरपूर, तिला काय होतंय. अडॅप्टरच्या बाबतीत नेमकं उलटं आहे.

अडॅप्टर जाड असण्यापेक्षा पातळ असणं जास्त बघायला मिळतं. बनवणारे मुद्दाम जरा कमी जाडीचा करतात, म्हणजे गिऱ्हाइकाला इन्फिनिटी मिळत नाही अशी तक्रार यायला नको. मग लेन्स इन्फिनिटीच्या पलीकडे जाते. आपण फिल्मच्या सवयीने रिंग शेवटच्या टोकाला टेकवतो आणि डोंगर सॉफ्ट! ०.१ ने पातळ अडॅप्टरवर २८ मिमीची खरी इन्फिनिटी रिंगवरच्या आठ मीटरच्या जवळपास येते. टोकाला टेकवली तर एफ/८ ला प्रत्येक बिंदू १२ मायक्रॉनचा होतो, म्हणजे माझ्या सेन्सरवर दोन पिक्सेल, एफ/४ ला चार. फिल्मच्या पोस्टकार्डावर हे कोणाला दिसलं नसतं, २४ मेगापिक्सेलवर दिसतं.

म्हणून पहिली सवय मोडा: टोकाला टेकवून फोटो काढायचा नाही, प्रत्येक वेळी मॅग्निफाय करून डोंगरावर फोकस करायचा. बऱ्याच जणांचा प्रश्न एवढ्यावर सुटतो आणि त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. लेन्स घरात टेबलावर तपासून चांगली म्हणू नका हेही इथेच सांगून टाकतो. चाळीसगावचे केकी मूस टेबलटॉप फोटोग्राफीसाठी ओळखले जातात, टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांनी जग उभं केलं, आणि तसल्या जवळच्या कामात अडॅप्टर अर्धा मिलिमीटर चुकीचा असला तरी काहीच कळत नाही, रिंग जरा इकडे-तिकडे फिरवली की फोकस मिळतो. चूक फक्त क्षितिजावर उघडी पडते.

पण माझ्या डाव्या बाजूचं काय? एकच बाजू सॉफ्ट, तीही कधी असते कधी नसते. ह्याने माझी दोन वर्षं खाल्ली.

झालं असं की तोरणमाळला गेलो होतो, मोटरसायकलवर, शहाद्याच्या पुढे घाट लागतो, रस्ता तेव्हा खराब होता आणि कॅमेऱ्याची बॅग पाठीवर. वर सीताखाईच्या कडेला पहाटे ट्रायपॉड लावला, दरीत धुकं, समोरचा कडा स्वच्छ, हवेचा काही प्रश्नच नाही, थंडीचे दिवस. २८ मिमीने काढलेले सगळे फोटो डावीकडे सॉफ्ट. मी रिंग मागे-पुढे करतोय, डावी बाजू आणली की उजवी जाते, उजवी आणली की डावी. तेवढ्यात गुरं घेऊन एक बाबा आले, बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "डोंगर काय पयी जास का भो? दम खाय ना." म्हणजे डोंगर काय पळून जातोय का भाऊ, दम खा ना. खरंच दम खाल्ला, चहा प्यायलो, आणि मग शांत डोक्याने एक गोष्ट केली जी तुम्हीही करा.

कॅमेरा उलटा केला. ट्रायपॉडवरून काढून, वरची बाजू खाली करून, दगडावर टेकवून तोच फोटो परत काढला. आता जर दरीचा डावा भाग परत सॉफ्ट आला असता तर कारण समोर असतं, धुकं, अंतर, काहीतरी. पण आता दरीचा उजवा भाग सॉफ्ट आला. म्हणजे दोष कॅमेऱ्याबरोबर फिरला, म्हणजे दोष आपल्या सामानात. मग २८ काढून हेलिओस लावली, एफ/४ ला. त्याच बाजूला सॉफ्ट, जरा कमी पण त्याच बाजूला. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या देशांतल्या लेन्स एकाच बाजूला बिघडतील असं होत नाही. दोघींमध्ये सामायिक काय, तर अडॅप्टर आणि बॉडी. माझी ऑटोफोकस लेन्स त्याच बॉडीवर दोन्ही बाजूंना व्यवस्थित होती. उरला अडॅप्टर.

घरी येऊन भुसावळच्या एका लेथवाल्या मित्राकडे गेलो. व्हर्नियरने भागत नाही, तो ०.०१ दाखवतो पण तेवढा खरा नसतो, आणि इथे तर शंभराव्या भागाचीच भांडणं आहेत. त्याच्याकडे २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर होता. अडॅप्टर रॉकेलने पुसला, घड्याळासारखे चार ठिकाणी माप घेतलं, बारा, तीन, सहा, नऊ. माप घेताना लेन्स जिथे टेकते तो पृष्ठभाग आणि कॅमेऱ्याला जो टेकतो तो, ह्या दोघांमधलं घ्यायचं, बेयोनेटचे, म्हणजे कॅमेऱ्यात अडकणाऱ्या कड्याचे, दात मध्ये घ्यायचे नाहीत. आकडे आले २७.४३, २७.३१, २७.४६ आणि २७.५८. एका बाजूला २७.३१ आणि समोरच्या बाजूला २७.५८! पाव मिलिमीटरहून जास्त फरक. आख्खी लेन्स वाकडी उभी होती.

मित्राने अडॅप्टर कानाशी धरून हलवला आणि म्हणाला, ह्याच्यात काहीतरी वाजतंय. आतली आट्याची रिंग वेगळी असते, ती बाहेरच्या बॉडीत बसवून बाजूने तीन बारीक बिनडोक्याच्या स्क्रूंनी आवळलेली असते. हे स्क्रू मुद्दाम दिलेले असतात, लेन्स पूर्ण आवळल्यावर तिचे आकडे वरच्या बाजूला यावेत म्हणून रिंग फिरवून ठेवता येते. माझ्या अडॅप्टरचे तीनपैकी दोन ढिले झाले होते आणि रिंग एका बाजूने वर उचलली गेली होती. घाटातले खड्डे, मोटरसायकलची थरथर, आणि ज्युपिटरसारखी वजनदार लेन्स लोंबकळत असताना कॅमेरा गळ्यात घालून चालणं. घरी बसलो की सगळं ठीक, प्रवास केला की परत वाकडं, लेन्स काढली-घातली की रिंग कधी बसायची कधी उठायची. "परत परत येणारा" त्रास तो हाच.

आम्ही घड्याळजीच्या पेचकसने तिन्ही स्क्रू आवळले, आळीपाळीने, थोडा एक, थोडा दुसरा, रिंग खाली दाबून धरून. परत माप: २७.३६, २७.३७, २७.३६, २७.३५. सरळ. मी खुशीत घरी आलो, गच्चीवरून दूरच्या टॉवरचा फोटो काढला, रिंग इन्फिनिटीला टेकवून, आणि आता आख्खाच फोटो सॉफ्ट, दोन्ही बाजू, मधला भागसुद्धा.

इथे जर मी आकडे लिहून ठेवले नसते तर स्क्रू परत ढिले केले असते आणि आयुष्यभर गोल फिरलो असतो. आकडे बघा: रिंग वाकडी होती तेव्हा मधला भाग सरासरीने २७.४४ वर होता, म्हणजे बरोबर जागेच्या अगदी जवळ. म्हणून मध्ये शार्प, कडेला सॉफ्ट. रिंग सरळ बसली तेव्हा अडॅप्टरची खरी जाडी समोर आली, २७.३६, म्हणजे ०.१ ने पातळ. एक दोष दुसऱ्या दोषाला झाकत होता.

पातळ अडॅप्टरवर इलाज आहे, जाडवर घरगुती इलाज नाही. जाड असेल तर लेथवर अचूक घासून घ्यावा लागतो आणि त्यात वाकडा व्हायची भीती, मी तर म्हणतो दुसरा घ्या. सँडपेपरवर हाताने घासायच्या फंदात पडू नका, हाताचा दाब कधीच सारखा पडत नाही. पातळ असेल तर आत पातळ चकती घालायची, लेथवाले तिला शिम म्हणतात. बऱ्याच अडॅप्टरचं बेयोनेट मागून चार स्क्रूंनी बसवलेलं असतं, ते उघडून मध्ये चकती ठेवायची. मी कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा वापरला, तो साधारण ०.१ मिमी असतो, बाहेरचा रंग आणि आतला थर घासून काढल्यावर मायक्रोमीटरवर ०.०९ भरला. कंपासने वर्तुळ आखून कात्रीने कापला, स्क्रूची भोकं सुईने पाडून मग काठ घासले, कारण सुईने पाडलेल्या भोकाला मागून जी कड उठते ती एकटीच ०.०५ ची असते आणि परत वाकडेपणा आणते. कागद वापरू नका. पहिल्या दिवशी छान वाटतो, पावसाळ्यात ओल धरून फुगतो, दाबाने चपटा होतो, आणि परत आपलं तेच. चिकटपट्टीही नको.

जोडल्यावर माप आलं २७.४५. बरोबर २७.४६ वर आणायचा हट्ट केला नाही, शंभरावा भाग पातळच ठेवला, म्हणजे लेन्स इन्फिनिटीला नक्की पोहोचेल. उन्हात अडॅप्टर फुगून फोकस बिघडतो असं काही जण म्हणतात, त्याचाही हिशोब करून बघितला: अॅल्युमिनियमचा २७ मिमीचा तुकडा ३० अंशांनी तापला तरी ०.०२ मिमीसुद्धा वाढत नाही. लांब टेलीलेन्स स्वतः तापून फोकस जरा सरकवते, म्हणूनच बऱ्याच टेलींना इन्फिनिटीच्या पलीकडे थोडी जागा मुद्दाम ठेवलेली असते. अडॅप्टरची मात्र ती काळजी सोडा.

तिन्ही स्क्रूंच्या बाहेरच्या टोकावर नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला, फक्त टोकावर, आट्यात ओतायचं नाही, म्हणजे उद्या उघडायची वेळ आली तर उघडतात. आणि रिंग आणि बॉडी दोन्हीवरून जाईल अशी पेचकसाच्या टोकाने एक बारीक रेघ ओढून ठेवली. रेघ तुटलेली दिसली की समजायचं रिंग हलली. प्रवासातून उतरलं की आधी ती रेघ बघतो, मग लेन्स लावतो. वजनदार लेन्स असेल तर कॅमेरा लेन्सच्या खालून हात देऊन धरतो.

आत बघायला उघडलाच आहे तर अजून एक. स्वस्त अडॅप्टरची आतली भिंत काळी असते पण चकाकते. लँडस्केपमध्ये वरचा अर्धा भाग लख्ख आभाळ, तो उजेड त्या भिंतीवर आपटून सेन्सरवर सांडतो आणि डोंगर पांढुरका, फिका दिसतो. बरेच जण ह्या फिकेपणालाच सॉफ्ट म्हणतात. आत काळं मखमली कापड किंवा मखमली कागद चिकटवा, लेन्सला हूड लावा, लगेच फरक कळेल. लेन्स आतून धुरकट असेल किंवा बुरशी आली असेल तरी फोटो असाच फिका येतो, मागून टॉर्च मारून पुढून बघितलं की दिसतं.

एवढं सगळं करून जर एकाच लेन्सवर, फक्त एकीवरच, एक बाजू सॉफ्ट राहिली तर मात्र ती लेन्स कोणीतरी उघडून चुकीची जोडली असण्याची शक्यता मोठी आहे. माझ्या तिन्ही लेन्स निर्दोष निघाल्या. २८ मिमीचे कोपरे एफ/८ ला पण जरा पसरतात, ते तिचं वय आणि डिझाइन आहे, मी त्याच्याशी भांडत नाही, कोपऱ्यात गवत किंवा दगड येईल अशी चौकट धरतो.

तुमचा त्रास ह्यात बसत नसेल आणि कोणाला दाखवायचा असेल तर एवढं बरोबर ठेवा म्हणजे उत्तर लवकर मिळतं: लांबच्या डोंगराचे ट्रायपॉडवरचे लागोपाठ दहा फोटो, एक सरळ आणि एक उलट्या कॅमेऱ्याने काढलेला, दोन वेगवेगळ्या लेन्सचे एकाच अडॅप्टरवरचे, आणि अडॅप्टरची चार ठिकाणची जाडी कागदावर लिहून. मायक्रोमीटर घरी नसतो, पण आपल्याकडे एमआयडीसीत कुठल्याही लेथच्या दुकानात असतो. सकाळी गर्दी नसताना जा, अडॅप्टर आधी पुसून न्या आणि माप घेताना आकडे स्वतः लिहून घ्या.